गोल केले, तरी वर जायचे कसे? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरविषयी लिहिताना कोलंबस क्रू या संघाच्या २०२३ च्या विजेतेपदाचा विषय निघाला होता, आणि त्या ओघात क्रिस्टियन रामिरेझ या आघाडीवीराचा उल्लेख मी 'दुसऱ्या श्रेणीतून वर आलेला खेळाडू' असा केला होता. त्या एका ओळीवर जितकी पत्रे आली तितकी उरलेल्या संपूर्ण लेखावर आली नाहीत. खालच्या श्रेणीत खेळणाऱ्या आघाडीवीराचे आयुष्य हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय असल्यामुळे या वेळचे सगळे सदर मी त्यालाच दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून नावांऐवजी गावे दिली आहेत.

प्रश्न : इंग्लंड-स्पेनमध्ये खालच्या श्रेणीतला संघ जिंकला की वर चढतो. रामिरेझचा मिनेसोटा युनायटेड हा संघही असाच जिंकून वर आला का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही, आणि अमेरिकी फुटबॉल समजून घ्यायचा असेल तर सुरुवात या नकारापासूनच करावी लागते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या मेजर लीग सॉकरमध्ये, म्हणजे एमएलएसमध्ये, पदोन्नती आणि पदावनती ही पद्धतच नाही. दुसऱ्या श्रेणीतल्या संघाने सलग पाच वर्षे विजेतेपद मिळवले तरी तो वर जात नाही, आणि वरच्या श्रेणीतला संघ तळाला राहिला तरी तो खाली येत नाही. नवा संघ आत येतो तो लीगने ठरवलेले प्रवेशशुल्क भरून, आणि तेही मालकाची ऐपत, शहराचा आकार, मैदानाची योजना या गोष्टी लीगला पटल्या तरच. हे शुल्क कसे वाढत गेले ते पाहण्यासारखे आहे. २००७ मध्ये टोरोंटोने सुमारे १ कोटी डॉलर भरले, मिनेसोटाने १० कोटी, सिनसिनाटीने १५ कोटी आणि २०२५ मध्ये मैदानात उतरलेल्या सॅन डिएगोने तब्बल ५० कोटी. आपल्याकडे इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचा नमुनाही बराचसा असाच होता. आय-लीगच्या विजेत्याला वरचे दार उघडले ते २०२३ मध्ये, पंजाबच्या संघासाठी.

मिनेसोटाची गोष्ट अशी, की मिनिआपोलिसच्या उत्तरेला ब्लेन या उपनगरात खेळणारा हा संघ एके काळी मालकाविना होता आणि लीगच त्याचा खर्च चालवीत होती. त्या अवस्थेतही त्याने २०११ मध्ये नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचे, म्हणजे त्या वेळच्या दुसऱ्या श्रेणीचे, विजेतेपद जिंकले. त्या विजेतेपदाने तो वर गेला नाही. पुढच्या वर्षाच्या अखेरीस बिल मॅग्वायर या धनाढ्य उद्योजकाने संघ विकत घेतला, मार्च २०१५ मध्ये एमएलएसने त्याला प्रवेश देत असल्याचे जाहीर केले आणि २०१७ मध्ये संघ प्रत्यक्ष वर खेळू लागला. रामिरेझ या संघात २०१४ मध्ये आला. त्या वर्षी त्याने २० गोल करून लीगचा गोल्डन बूट, म्हणजे हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याचा मान, मिळवला आणि २०१६ मध्ये १८ गोल करून तो पुन्हा मिळवला. परंतु तो वर गेला तो या गोलांमुळे नव्हे. तो ज्या संघात होता त्या संघाच्या मालकाने वरच्या लीगचे दार पैसे देऊन उघडले, आणि त्या दारातून संघाबरोबर तोही आत गेला. गोलांनी त्याला त्या संघात टिकवले, आणि दार उघडेपर्यंत टिकून राहणे हेच त्याचे खरे कर्तृत्व होते, असे माझे मत आहे.

प्रश्न : दुसऱ्या श्रेणीत एका हंगामात २० गोल करणाऱ्या खेळाडूला वरचे संघ लगेच का उचलत नाहीत? इतकी नजर अमेरिकेतल्या जाणकारांना नसावी का? (नागपूर)

उत्तर : नजर असते, परंतु त्या नजरेसमोर अनेक अडथळे असतात, आणि आघाडीवीराच्या बाबतीत ते सर्वांत जास्त असतात. हे नीट कळावे म्हणून मी आपल्याला २०१३ या वर्षाकडे घेऊन जातो, कारण त्या एका हंगामात, एकाच लीगमध्ये, दोन आघाडीवीरांच्या वाटा अगदी आपल्या डोळ्यांदेखत वेगळ्या झाल्या.

रामिरेझचा जन्म १९९१ चा. तो दक्षिण कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्ह या गावचा. महाविद्यालयीन फुटबॉल तो अर्व्हाइनच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठाकडून खेळला. ही संस्था लहान. मोठ्या विद्यापीठांच्या सामन्यांना निवडकर्त्यांची जी रांग लागते ती अशा ठिकाणी लागत नाही. २०१३ मध्ये त्याला पहिला व्यावसायिक करार मिळाला तो नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट ईगल्स या संघाकडून. ख्रिस्ती धर्मकार्याशी जोडलेला हा छोटा संघ यूएसएल प्रो या लीगमध्ये खेळत असे, आणि ती लीग त्या वेळी तिसरी श्रेणी मानली जाई. म्हणजे रामिरेझने सुरुवात केली ती दुसऱ्याही नव्हे, तिसऱ्या पायरीवरून.

त्याच लीगमध्ये, त्याच वर्षी, ऑर्लँडो सिटीकडून डॉम ड्वायर नावाचा इंग्लंडमध्ये जन्मलेला आघाडीवीर खेळत होता. तो मुळात एमएलएसच्या स्पोर्टिंग कॅन्सस सिटीचा खेळाडू. त्या हंगामापासून एमएलएस आणि यूएसएल प्रो यांच्यात एक करार झाला होता आणि वरच्या चार संघांनी आपले तरुण खेळाडू खालच्या चार संघांकडे खेळायला पाठवण्याची सोय केली होती. कॅन्सस सिटीची जोडी ऑर्लँडोशी होती. ड्वायरने ऑर्लँडोकडून १३ सामन्यांत १५ गोल केले, मग वरच्या संघाने त्याला परत बोलावले आणि डिसेंबरमध्ये तो एमएलएसचा अंतिम सामना खेळून विजेता झाला. मधल्या काळात सप्टेंबरमध्ये यूएसएल प्रोचा अंतिम सामना झाला. समोरचा संघ होता रामिरेझचा शार्लट ईगल्स. ऑर्लँडोने तो सामना ७-४ असा जिंकला आणि त्या सातांपैकी चार गोल एकट्या ड्वायरचे होते.

पुढच्या वर्षी ड्वायरने एमएलएसमध्ये २२ गोल केले. रामिरेझने दुसऱ्या श्रेणीत २० केले. एकाला वरच्या संघाशी बांधलेली दोरी होती, दुसऱ्याला नव्हती. शार्लटची कोणत्याही वरच्या संघाशी जोडी नव्हती. दोघांच्या गुणांत काहीच फरक नव्हता असे मी म्हणत नाही, कारण ड्वायर त्या वेळी अधिक वेगवान आणि अधिक आक्रमक होता. परंतु रामिरेझला वर आपली परीक्षा देण्यासाठी आणखी तीन हंगाम थांबावे लागले, याचे कारण त्याच्या पायांत नव्हते, हे मला निश्चित वाटते.

दुसरे कारण पैशांच्या रचनेत आहे. एमएलएसमध्ये वेतनावर मर्यादा असते, पण २००७ मध्ये डेव्हिड बेकहॅमच्या निमित्ताने आलेल्या नियमामुळे मोजक्या खेळाडूंना त्या मर्यादेबाहेर कितीही मानधन देता येते. असे महागडे खेळाडू संघ कुठे वापरतात? बहुतेक वेळा गोल करण्याच्या जागी. बचावपटूची किंवा पर्यायी गोलरक्षकाची जागा संघ देशातल्या देशात, स्वस्तात भरतात; आघाडीवीरासाठी मात्र दक्षिण अमेरिका आणि युरोप धुंडाळतात. त्यामुळे खालच्या श्रेणीतून आलेल्या बचावपटूपेक्षा तिथून आलेल्या आघाडीवीराला वर जागा मिळणे कठीण होते. मिनेसोटाचेच उदाहरण घ्या. रामिरेझ नुकताच दुसऱ्यांदा गोल्डन बूट जिंकून आला होता, तरी २०१७ मध्ये, लीगचे संघ क्रमाक्रमाने महाविद्यालयीन खेळाडू निवडतात त्या निवडप्रक्रियेत, पहिल्याच क्रमांकाचा हक्क मिळालेल्या या संघाने निवडला तो आबू दानलादी, म्हणजे आणखी एक आघाडीवीर.

तिसरी गोष्ट म्हणजे शंका. 'खाली केलेले गोल वर चालतील का', हा प्रश्न निवडकर्ते विचारतात आणि तो अगदीच अन्याय्य नाही. वरचा बचावपटू चेंडू येण्याआधी एक पाऊल पुढे असतो, आणि खाली मिळणारी ती अर्ध्या क्षणाची उसंत वर मिळत नाही. परंतु रामिरेझचा खेळ नेमका त्या अर्ध्या क्षणावर अवलंबून नव्हता. तो लांबून चेंडू घेऊन तीन-चार जणांना चकवणारा खेळाडू कधीच नव्हता. पेनल्टी क्षेत्रात बचावपटूच्या पाठीमागून जवळच्या खांबाकडे सरकणे, क्रॉस येताच एकाच स्पर्शात चेंडू वळवणे, गोलरक्षकाच्या हातून निसटलेल्या चेंडूवर सर्वांत आधी पोचणे, अशा साध्या दिसणाऱ्या गोष्टींतून त्याचे गोल होत. ही कला कोणत्याही श्रेणीत सारखीच लागू पडते. दुर्दैव असे, की निवडीसाठी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ती भरत नाही.

त्याच मिनेसोटा संघात मिगेल इबारा हा चपळ मध्यरक्षक होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षक युर्गन क्लिन्समन यांनी त्याला थेट दुसऱ्या श्रेणीतून अमेरिकेच्या संघात बोलावले आणि होंडुरासविरुद्ध खेळवले. ही अनेक वर्षांत न घडलेली गोष्ट होती. प्रेक्षक या जोडीला प्रेमाने 'बॅटमन' आणि 'सुपरमॅन' म्हणत. इबारा बॅटमन, रामिरेझ सुपरमॅन. बॅटमनला देशाचे बोलावणे आले, सुपरमॅनला त्यासाठी आणखी काही वर्षे वाट पाहावी लागली.

प्रश्न : वर गेल्यावर तो चालला का? आकडे सांगावेत. (सांगली)

उत्तर : चालला. ३ मार्च २०१७ रोजी मिनेसोटाने एमएलएसमधला आपला पहिला सामना पोर्टलंडमध्ये ५-१ असा गमावला, आणि तो एकमेव गोल, म्हणजे संघाचा वरच्या लीगमधला पहिला गोल, रामिरेझचा होता. नऊ दिवसांनी घरच्या पहिल्या सामन्यात, भर बर्फवृष्टीत, अटलांटाने त्यांना ६-१ असे हरवले. त्या हंगामात मिनेसोटाने ७० गोल खाल्ले, आणि एका हंगामात इतके गोल तोवर त्या लीगमधल्या कोणत्याही संघाने खाल्ले नव्हते. ज्या संघाचा बचाव असा रोज कोसळतो, त्याच्या आघाडीवीराला चेंडू मिळतो तरी किती? त्या संघाकडून रामिरेझने १४ गोल केले. दुसऱ्या श्रेणीतले गोल वर चालतील का, या प्रश्नाचे उत्तर त्याने पहिल्याच वर्षात दिले होते.

प्रश्न : सुनील छेत्रीही अमेरिकेत खेळला होता असे ऐकले आहे. तो तिथे का टिकला नाही? (मडगाव)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, आणि हा प्रश्न आपल्या विषयाशी किती जवळचा आहे हे उत्तर लिहिताना माझ्या लक्षात आले. मार्च २०१० मध्ये छेत्री कॅन्सस सिटी विझार्ड्समध्ये दाखल झाला. हाच संघ त्या वर्षाच्या अखेरीस नाव बदलून स्पोर्टिंग कॅन्सस सिटी झाला, म्हणजे वर ज्या ड्वायरची गोष्ट सांगितली त्याचाच संघ. छेत्रीच्या वाट्याला एमएलएसचा एकही लीग सामना आला नाही. यूएस ओपन कप या सगळ्या श्रेणींच्या संघांसाठी असलेल्या चषकस्पर्धेच्या पात्रता फेरीत कोलोरॅडो रॅपिड्सविरुद्ध तो खेळला, आणि जुलैमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरला.

येथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. एमएलएसने आपली राखीव खेळाडूंची लीग २००८ नंतर बंद केली होती आणि ती पुन्हा सुरू झाली २०११ मध्ये. खालच्या श्रेणीतल्या संघांशी जोड्या जमल्या त्या २०१३ मध्ये. म्हणजे छेत्री तिथे होता ते वर्ष नेमके असे होते, की ज्या आघाडीवीराला वरच्या अकरांत जागा नाही, त्याला खेळायला दुसरे मैदानच जवळजवळ नव्हते. आघाडीवीर सरावात घडत नाही. त्याला सामने लागतात, चुकलेल्या संधी लागतात, पुढच्या शनिवारी त्या भरून काढण्याची सोय लागते. तीन वर्षांनी त्याच संघाच्या ड्वायरला ऑर्लँडो मिळाले. छेत्रीला तसे कोणते ऑर्लँडो मिळाले असते तर काय झाले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

प्रश्न : रामिरेझ हा अपवाद आहे की नियम? खालच्या श्रेणीतले इतर गोल करणारे कुठे जातात? (पुणे)

उत्तर : अपवाद आहे. जमैकाचा डेन केली याने २०१७ मध्ये रिनो १८६८ या संघाकडून १८ गोल करून यूएसएलचा, म्हणजे तोवर दुसऱ्या श्रेणीत आलेल्या जुन्या यूएसएल प्रोचा, सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. पुढच्या वर्षी डीसी युनायटेडने त्याला वर घेतले, पण तिथे तो थोडेच सामने खेळला आणि परत खाली आला. खाली त्याने २०२१ मध्ये त्या लीगच्या इतिहासातला पहिला शंभर गोलांचा टप्पा गाठला. ज्या रिनोमध्ये तो सर्वोत्तम ठरला होता, तो संघ २०२० मध्ये महासाथीच्या काळात कायमचा बंद झाला.

दुसरे उदाहरण कॅमरून लँकेस्टरचे. टॉटनहॅमच्या अकादमीत घडलेल्या या इंग्रज खेळाडूने २०१८ मध्ये लुईव्हिल सिटीकडून २५ गोल केले. एका हंगामातला हा त्या लीगचा विक्रम होता आणि २०२१ मध्ये हाजी बॅरीने त्याची बरोबरी केली. लँकेस्टरला एमएलएसमध्ये जाऊ घातलेल्या नॅशव्हिलने करारबद्ध केले, म्हणजे रामिरेझसारखेच उघडणारे दार त्याच्याही समोर आले. पण दुखापतीने गाठले आणि नॅशव्हिल वर गेले त्याच वर्षी, २०२० मध्ये, तो लुईव्हिलला परतला. पंचवीस गोल करूनही दार उघडण्याच्या नेमक्या वेळी गुडघा किंवा घोटा साथ देत नसेल तर सगळे व्यर्थ जाते, इतके हे गणित अरुंद आहे.

तरीही खालच्या संघांना वरच्यांशी भिडण्याची एक जागा आहे. १९१४ पासून चालत आलेल्या यूएस ओपन कपमध्ये सगळ्या श्रेणींचे संघ एकमेकांसमोर येतात. १९९९ मध्ये रॉचेस्टर रेजिंग ऱ्हायनोज या दुसऱ्या श्रेणीतल्या संघाने शिकागो, डॅलस, कोलंबस आणि अंतिम सामन्यात कोलोरॅडो अशा चार एमएलएस संघांना हरवून हा चषक जिंकला. एमएलएस सुरू झाल्यापासून तिच्याबाहेरच्या संघाने चषक जिंकल्याचे हे एकमेव उदाहरण. त्या अंतिम सामन्यातील २-० या विजयात डग मिलर या आघाडीवीराचा गोल होता. रॉचेस्टरमध्ये त्याचे नाव जुने प्रेक्षक अजून आदराने घेतात, बाहेर फारसे कोणी घेत नाही. २०२२ मध्ये सॅक्रामेंटो रिपब्लिक अंतिम फेरीपर्यंत पोचले आणि ऑर्लँडोकडून ३-० असे हरले.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा असून शाळेकडून आणि क्लबकडून आघाडीवर खेळतो. त्याला याच खेळात पुढे जायचे आहे. आपण काय सांगाल? (न्यू जर्सी)

उत्तर : ताई, आपल्या पत्रातली काळजी मला समजते, म्हणून मी स्पष्ट लिहितो. अमेरिकेत महाविद्यालयाचा मार्ग सोडू नये. महाविद्यालयीन हंगाम शरद ऋतूतल्या काही महिन्यांचाच असतो, त्यामुळे वर्षभर खेळणाऱ्या युरोपातल्या मुलांच्या तुलनेत तो अपुरा पडतो हे खरे. पण खेळ संपला तरी हातात पदवी राहते. विद्यापीठ लहान आहे म्हणून दार बंद होते असेही नाही. एमएलएसच्या इतिहासात सर्वाधिक, १७१, गोल करणारा क्रिस वोंडोलोव्स्की हा चिको स्टेट या दुसऱ्या पातळीवर खेळणाऱ्या विद्यापीठातून आला होता, आणि पहिला गोल्डन बूट मिळेपर्यंत म्हणजे २०१० पर्यंत त्याने पाच वर्षे बहुतांशी बाकावरच काढली.

पैशांविषयी सांगायचे, तर २०२५ मध्ये एमएलएसच्या मुख्य चमूतल्या खेळाडूचे किमान वार्षिक वेतन १ लाख ४ हजार डॉलर होते. त्याखाली पाऊल टाकले की रक्कम झपाट्याने उतरते. यूएसएल चॅम्पियनशिपच्या, म्हणजे त्याच यूएसएलच्या आजच्या दुसऱ्या श्रेणीच्या, खेळाडूंना आपल्या संघटनेमार्फत पहिला सामूहिक वेतनकरार मिळाला तो २०२१ मध्ये. तोपर्यंत किमान वेतन, निवास, आरोग्यविमा या गोष्टी ज्या त्या संघाच्या मर्जीवर असत. मार्च ते नोव्हेंबर खेळून हिवाळ्यात मुलांना शिकवण्याचे किंवा दुकानात काम करण्याचे दिवस अनेकांनी काढले आहेत. म्हणून करार समोर आला तर मानधनाच्या आकड्याआधी चार गोष्टी विचारा : पगार बारा महिन्यांचा आहे की हंगामापुरता, दुखापत झाल्यास उपचार कोण करतो, राहण्याची सोय कोणाची, आणि संघ बंद पडला तर उरलेल्या कराराचे काय. शेवटचा प्रश्न अतिरंजित वाटू नये. सॅन अँटोनियो स्कॉर्पियन्स २०१४ मध्ये नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचे विजेते ठरले आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये बंद झाले.

प्रश्न : ज्या लीगमध्ये रामिरेझने गोल्डन बूट मिळवले ती नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग आज कुठे आहे? (ठाणे)

उत्तर : ती आज उरलेली नाही. पेले ज्या लीगमध्ये न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाकडून खेळले आणि ज्या कॉसमॉसने १९७७ मध्ये कोलकात्यात मोहन बागानशी २-२ बरोबरी केली, त्या जुन्या लीगचे केवळ नाव घेऊन ही २०११ मध्ये सुरू झाली होती. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकी महासंघाने तिची दुसऱ्या श्रेणीची मान्यता पुढे चालू ठेवण्यास नकार दिला, लीग न्यायालयात गेली, २०१८ चा हंगाम झालाच नाही, आणि २०२५ च्या सुरुवातीला ज्यूरीनेही निकाल तिच्या विरोधात दिला. दुसरी श्रेणी आता यूएसएल चॅम्पियनशिपकडे आहे. मार्च २०२५ मध्ये यूएसएलच्या मालकांनी आपल्या श्रेणींमध्ये पदोन्नती-पदावनती आणण्याच्या बाजूने मतदान केले आहे. ते प्रत्यक्षात उतरले तर अमेरिकेतल्या एखाद्या आघाडीवीराला आपल्या गोलांनी आपला संघ वरच्या श्रेणीत नेता येईल, आणि तो दिवस पाहण्याची माझी फार इच्छा आहे.

प्रश्न : १४ गोल करूनही मिनेसोटाने रामिरेझला का सोडले? आणि त्यानंतर तो संघ बदलतच राहिला, म्हणजे अखेर तो कमीच पडला असे म्हणावे का? (नाशिक)

उत्तर : २०१८ च्या जुलैमध्ये मिनेसोटाने कोलंबियाचा आंखेलो रॉड्रिगेझ हा आघाडीवीर मोठ्या मानधनावर आणला आणि पुढच्याच महिन्यात रामिरेझला लॉस एंजेलिस एफसीकडे दिले. मोबदला होता १० लाख डॉलरपर्यंत, तोही लीग संघांना खेळाडूंवरील खर्चासाठी देते त्या अंतर्गत रकमेतून. व्यवहार म्हणून तो समजण्यासारखा होता. ब्लेनच्या छोट्या मैदानापासून त्याला पाहत आलेल्या प्रेक्षकांना मात्र तो फार लागला, आणि लागणे साहजिक होते, कारण त्यांच्या संघाच्या दोन्ही काळांना जोडणारा तो दुवा होता.

जानेवारी २०१९ मध्ये अखेर देशाचे बोलावणे आले. ग्रेग बरहॉल्टर यांचा प्रशिक्षक म्हणून तो पहिला सामना, ॲरिझोनात पनामाविरुद्ध. रामिरेझ बदली म्हणून उतरला आणि शेवटच्या मिनिटांत त्याने संघाचा तिसरा गोल केला. पदार्पणात गोल करूनही पुढे त्याच्या वाट्याला राष्ट्रीय संघाचा आणखी एकच सामना आला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसने ७२ गुणांचा तेव्हाचा विक्रम केला, पण कार्लोस वेला आणि दिएगो रॉसी ज्या आघाडीत खेळत होते तिथे त्याला जागा नव्हती, म्हणून ऑगस्टमध्ये त्याची रवानगी ह्यूस्टनला झाली. ह्यूस्टनचा काळ कोरडा गेला. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

मग २०२१ मध्ये त्याने असे काही केले, की ज्यामुळे माझा त्याच्याविषयीचा आदर वाढला. तिशी गाठलेला हा खेळाडू स्कॉटलंडच्या ॲबर्डीनला गेला. जुलैमध्ये युरोपा कॉन्फरन्स लीगच्या पात्रता फेरीत स्वीडनच्या हेकन संघाला ॲबर्डीनने ५-१ असे हरवले त्यात त्याचा एक गोल होता, आणि पहिला हंगाम त्याने उत्तम खेळून काढला. पुढे प्रशिक्षक बदलले, नवे आघाडीवीर आले, आणि पुन्हा तो बाकावर गेला. जानेवारी २०२३ मध्ये कोलंबस क्रूने त्याला परत अमेरिकेत आणले, तेही पहिल्या पसंतीचा आघाडीवीर म्हणून नव्हे, कारण ती जागा कुचो हर्नांडेझची होती.

आता आपल्या प्रश्नातल्या 'कमी पडला' या शब्दांकडे येतो. २ डिसेंबर २०२३ ची संध्याकाळ, भारतात ३ डिसेंबरची पहाट. सिनसिनाटीच्या मैदानावर पूर्व विभागाचा अंतिम सामना होता. यजमान संघ त्या वर्षी लीगमध्ये गुणांनी सर्वांत वर होता, आणि २०१८ पर्यंत तोही दुसऱ्या श्रेणीतच खेळत होता. सिनसिनाटी २-० असे पुढे गेले. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत कोलंबसने दोन्ही गोल फेडले आणि सामना जादा वेळेत गेला. ११५ व्या मिनिटाला, बदली म्हणून उतरलेल्या रामिरेझने चेंडू जाळ्यात घातला. पेनल्टी क्षेत्राच्या आत, वेळेवर पोचून, जसे गोल तो ब्लेनमध्ये करीत असे तसाच. कोलंबस ३-२ असे जिंकले आणि आठवड्याने त्यांनी अंतिम सामनाही २-१ असा जिंकला. समोरचा संघ होता, ज्याने चार वर्षांपूर्वी रामिरेझला ह्यूस्टनला धाडले होते तो लॉस एंजेलिस एफसी. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये लीग्स कप या अमेरिकी आणि मेक्सिकन संघांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही कोलंबसने त्याच संघाला ३-१ असे हरवले.

तिसऱ्या श्रेणीतून सुरुवात केलेल्या, कोणत्याही मोठ्या विद्यापीठाचा किंवा वरच्या संघाचा हात पाठीशी नसलेल्या आघाडीवीराने देशासाठी एक गोल, युरोपीय स्पर्धेतले गोल आणि विजेतेपदाच्या वाटेवरचा तो ११५ व्या मिनिटाचा गोल कमावला असेल, तर 'कमी पडला' हे शब्द मी त्याच्यासाठी वापरू शकत नाही, आणि आपणही वापरू नयेत अशी माझी विनंती आहे. २०२५ च्या सुरुवातीला तो लॉस एंजेलिस गॅलेक्सीत गेला. त्यांचे मैदान कार्सन येथे आहे, आणि तिथून गार्डन ग्रोव्ह मोटारीने तासाभरापेक्षा कमी अंतरावर आहे.